लेबलाआधी क्रमांक : बारकोडच्या निवडीचा नाशिकमधून घेतलेला आढावा

फेब्रुवारी-मार्च म्हणजे नाशिकच्या द्राक्ष निर्यातीचा ऐन हंगाम. दिंडोरी, निफाड, चांदवडच्या पॅकहाऊसमध्ये पनेट म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे भरले जातात, पेट्या रचल्या जातात आणि प्रत्येक पेटीला लेबल लागते. त्याच दिवसांत सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांतून वाहनांचे सुटे भाग, विजेची उपकरणे आणि औषधे बाहेर पडत असतात. त्यांच्या खोक्यांवरही लेबल असते. वाइनची बाटली, चिवड्याचे पाकीट, येवल्याच्या पैठणीला बांधलेला टॅग, यांचेही तसेच. एवढ्या वेगवेगळ्या मालाला कारखानदार किंवा व्यापारी लेबल शोधायला निघतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुतेक वेळा एकच प्रश्न ठेवला जातो : रोल कोणत्या मापाचा देऊ?

हा प्रश्न खरे तर शेवटी यायला हवा. बारकोड लेबलाच्या निवडीत चार वेगळे निर्णय गुंतलेले आहेत. क्रमांक कोणाचा घ्यायचा, तो कोणत्या चिन्हात लिहायचा, कोणत्या कागदावर आणि कोणत्या गोंदाने चिकटवायचा, आणि छापायचा कुठे. यातल्या प्रत्येकाबद्दल जाणकारांत आणि वापरणाऱ्यांत मतभेद आहेत आणि त्या मतभेदांमागे प्रामाणिक कारणे आहेत. ती बाजू-बाजूने मांडावीत, काय ठरले आहे आणि काय अजून ठरायचे आहे ते वेगळे करावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पार्श्वभूमी : दुकानाच्या काउंटरपासून द्राक्षबागेपर्यंत

नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकन तरुणांनी १९४९ मध्ये बारकोडच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ मध्ये ते मिळाले. पण ती कल्पना वाचणारे स्वस्त यंत्र तेव्हा नव्हते. आयबीएममधील जॉर्ज लॉरर यांनी घडवलेले यूपीसी हे रेघांचे चिन्ह अमेरिकी किराणा उद्योगाने १९७३ मध्ये स्वीकारले. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावातल्या सुपरमार्केटमध्ये च्युइंग गमचे पाकीट स्कॅन झाले आणि किरकोळ विक्रीतला बारकोड सुरू झाला. १९७७ मध्ये युरोपने १३ अंकी ईएएन पद्धत आणली. आज आपल्या दुकानांत दिसतो तो बारकोड हाच.

भारतात १९९६ मध्ये वाणिज्य मंत्रालय आणि उद्योगांच्या शिखर संस्थांनी मिळून ईएएन इंडिया ही संस्था उभी केली. पुढे ईएएनच्या जागतिक संघटनेचे नाव जीएसवन झाले, तशी ती जीएसवन इंडिया झाली. ८९० हे आरंभीचे तीन अंक भारतीय संस्थेकडून दिल्या जाणाऱ्या क्रमांकांचे. ते पाहून माल भारतात बनला असे समजण्याची चूक सर्रास होते. ८९० एवढेच सांगतो की क्रमांक भारतातील संस्थेने दिला आहे. माल कुठे बनला, हे त्यातून कळत नाही.

नाशिकच्या शेतीत हा विषय वेगळ्या वाटेने आला. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले आणि निर्यातीवरच प्रश्नचिन्ह लागले. त्यातून तपासणीची चौकट उभी राहिली आणि २००६ मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही प्रणाली आणली. बागायतदाराच्या प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेतील अंश तपासणी, मान्यताप्राप्त पॅकहाऊस, ॲगमार्क आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र ही साखळी एका नोंदीत आली. परदेशातल्या पॅलेटपासून मागे येत येत थेट प्लॉटपर्यंत पोहोचण्याची सोय झाली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून युरोपात कंटेनर अडकले. शेतकरी आणि निर्यातदार दोघांनाही मोठी झळ बसली. कोणत्या घटकाची तपासणी यादीत आहे आणि कोणत्याची नाही, याला माग काढण्याच्या व्यवस्थेत किती महत्त्व आहे, ते तेव्हा कळले. लेबल मागे नेते; पण मागे जी नोंद आहे, तिच्यापलीकडे ते नेऊ शकत नाही.

पहिला प्रश्न : क्रमांक कोणाचा?

बारकोडच्या रेघा म्हणजे केवळ एक क्रमांक लिहिण्याची लिपी. म्हणून पहिला निर्णय क्रमांकाचा.

एक मत असे की क्रमांक जीएसवनकडूनच घ्यावा. तो जगात एकमेव असतो, कंपनीच्या नावावर नोंदलेला असतो आणि साखळी दुकाने व ऑनलाइन बाजारपेठा तो त्यांच्या यादीशी पडताळू शकतात. उत्पादनाच्या वजनात बदल झाला, म्हणजे २०० ग्रॅमचे पाकीट १८० ग्रॅमचे केले, तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. पाकिटाला एक आणि पाकिटांच्या खोक्याला दुसरा क्रमांक असतो. हे नियम पाळले तर गोडाऊनमध्ये एक पाकीट आले की पूर्ण खोके, याबद्दल गोंधळ होत नाही.

दुसरे मत लहान उत्पादकांचे आहे. पंचवटीत किंवा सिडकोत मसाला, चिवडा, पापड बनवून आसपासच्या दुकानांना पुरवणाऱ्या बचत गटाला जगात एकमेव क्रमांक कशाला हवा? नोंदणी शुल्क आणि नूतनीकरणाचा खर्च त्यांच्या उलाढालीच्या मानाने जाणवतो. केवळ स्वतःच्या गोडाऊनमध्ये माल मोजायचा असेल तर अंतर्गत क्रमांक पुरतो, हे तांत्रिकदृष्ट्याही खरे आहे. ईएएन पद्धतीत २ पासून सुरू होणारे क्रमांक दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. मिठाईच्या दुकानात वजनकाट्यातून निघणाऱ्या लेबलावर वजन किंवा रक्कम त्याच क्रमांकात बसवलेली असते.

या दोन मतांच्या मध्ये तिसरा मार्ग दिसतो तो स्वस्तात क्रमांक विकणाऱ्यांचा. त्यातले काही क्रमांक पूर्वी दुसऱ्या कंपनीला दिलेले असतात. जोवर माल ओळखीच्या दुकानात आहे तोवर अडचण येत नाही. मोठ्या बाजारपेठेने पडताळणी केली की नाव जुळत नाही आणि यादीतून माल निघतो. सगळी पाकिटे छापून झाल्यावर क्रमांक बदलण्याचा खर्च सुरुवातीच्या बचतीपेक्षा जास्त असतो.

यात बरेचसे ठरलेले आहे. माल साखळी दुकानात, ऑनलाइन किंवा परदेशात जाणार असेल तर नोंदलेला क्रमांक. माल स्वतःच्या भिंतीआडच फिरणार असेल तर अंतर्गत क्रमांक. अडचण आहे ती आज आत आणि दोन वर्षांनी बाहेर जाणाऱ्या लहान उत्पादकाची.

दुसरा प्रश्न : रेघा की चौकोन?

ईएएन-१३ मध्ये फक्त १३ अंक बसतात आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्या. डावीकडून एकाआड एक १ आणि ३ ने गुणून बेरीज केली तर १३० येते. ती दहाने पूर्ण भागली जाते, म्हणून तेरावा अंक ०. एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर स्कॅनरला लगेच कळते. पन्नास वर्षे ही पद्धत टिकली त्यामागे असा साधेपणा आहे.

पण तेरा अंकांत बॅच नाही, मुदत नाही, प्लॉट नाही. त्यासाठी खोक्यावर आणि पॅलेटवर जीएसवन-१२८ हे लांब रेघांचे चिन्ह वापरतात. त्यात उत्पादनाचा क्रमांक, बॅच, मुदतीची तारीख आणि पॅलेटचा १८ अंकी क्रमांक एकामागून एक लिहिता येतो. गोडाऊनच्या अंतर्गत कामासाठी कोड १२८ आणि जुन्या पद्धतींत कोड ३९ ही रेघांची चिन्हे चालतात. वाहन उद्योगाच्या पुरवठा लेबलांवर कोड ३९ बराच काळ रूढ आहे.

चौकोनी चिन्हांपैकी क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांच्या चमूने वाहन भागांच्या नोंदीसाठी बनवला. त्यात कमाल ७,०८९ अंक मावतात आणि चिन्हाचा काही भाग खराब झाला तरी ते वाचता येते. चूक-दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर ते सुमारे ३० टक्क्यांपर्यंत नुकसान सोसते. डेटा मॅट्रिक्स हे दुसरे चौकोनी चिन्ह त्याहून लहान जागेत बसते, म्हणून औषधाच्या खोक्यावर तेच छापले आणि थेट धातूच्या भागावर तेच कोरले जाते.

रेघांच्या बाजूने मुद्दा असा की देशभरच्या काउंटरवर आजही लाखो लेझर स्कॅनर आहेत आणि त्यांना चौकोन वाचता येत नाही. तो वाचायला कॅमेरा असलेला स्कॅनर लागतो. चौकोनाच्या बाजूने मुद्दा असा की त्यात बॅच आणि मुदत असल्याने मुदत संपलेला माल काउंटरवरच थांबवता येतो, आणि ग्राहकाच्या मोबाइललाही तोच चौकोन वाचता येतो. जीएसवनने २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या काउंटरांनी चौकोनी चिन्हे वाचण्याइतके सज्ज व्हावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. रेघा त्या दिवशी बंद होणार नाहीत. दोन्ही काही वर्षे शेजारी राहणार आहेत.

नाशिकमधल्या उत्पादकाला आज यातून एवढे निश्चित घेता येते : किरकोळ विक्रीच्या पाकिटावर ईएएन-१३ ठेवावा, बॅच आणि माग लागणाऱ्या मालाला जीएसवन-१२८ किंवा चौकोन जोडावा, आणि नवे स्कॅनर घेताना चौकोन वाचणारेच घ्यावेत.

तिसरा प्रश्न : कागद, शाई आणि गोंद

लेबलाचे अपयश सर्वाधिक दिसते ते इथे.

छपाईच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. डायरेक्ट थर्मलमध्ये कागदच उष्णतेने काळा होतो. रिबन लागत नाही. कुरियरची १०० × १५० मिमी लेबले बहुतेक याच प्रकारची. स्वस्त, सोपी, पण उन्हात, उष्णतेत आणि काही प्लास्टिकांच्या संपर्कात ती फिकी किंवा काळी पडतात. थर्मल ट्रान्सफरमध्ये रिबनवरची शाई उष्णतेने लेबलावर उतरते. मेणाची म्हणजे वॅक्स रिबन क्रोमो म्हणजे चकचकीत लेपाच्या कागदासाठी, वॅक्स-रेझिन थोडी घर्षण सोसण्यासाठी आणि रेझिन पॉलिएस्टर किंवा पीपीसारख्या प्लास्टिक लेबलांसाठी. कागद आणि रिबनची जोडी जमली नाही तर बोटाने पुसले तरी रेघा जातात.

कोणत्या मालाला काय लावावे, यावर मालाच्या प्रवासाचा विचार केला की मतभेद बरेच कमी होतात.

द्राक्षाची पेटी पॅकहाऊसमधून प्रीकूलिंगमध्ये, तिथून शून्य अंशाजवळच्या दमट कोल्ड स्टोरेजमध्ये आणि मग न्हावा शेवा बंदरातून काही आठवड्यांच्या समुद्रप्रवासाला जाते. बाहेर काढली की तिच्यावर दव साचते. साधे क्रोमो लेबल ओलाव्याने फुगते, कडेने सुटते. इथे पीपी लेबल, रेझिन किंवा वॅक्स-रेझिन रिबन आणि थंडीसाठीचा गोंद लागतो. गोंदाच्या माहितीपत्रकात दोन तापमाने असतात : लावतानाचे आणि टिकण्याचे. शून्याखाली टिकणारा गोंदही ओल्या, थंड पुठ्ठ्यावर लावला तर धरत नाही. त्यामुळे लेबल प्रीकूलिंगच्या आधी, पेटी कोरडी असताना लावणे हा कामाच्या क्रमाचा प्रश्न होतो, खरेदीचा नाही.

वाइनच्या बाटलीला दोन अडचणी. बाटली गोल आहे आणि ती बर्फाच्या भांड्यात बुडते. रेघा उभ्या छापल्या तर कडेच्या रेघा वळणामागे लपतात. बाटली उभी असताना रेघा आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतील अशा छापल्या तर स्कॅनरला सगळ्या दिसतात. बारकोड मागच्या लेबलावर असतो. त्या लेबलाचा कागद ओला झाल्यावरही ताकद टिकवणारा हवा.

यंत्रभागांवर तेलाचा पातळ थर असतो. त्यावर कोणताही गोंद फार काळ टिकत नाही. म्हणून भागावर लेबल लावण्याऐवजी बिनवर किंवा ट्रेवर लावणे, तारेने टॅग बांधणे, किंवा भागावरच लेझरने डेटा मॅट्रिक्स कोरणे, हे तीन मार्ग निघाले. वॉरंटीच्या दाव्यात भाग वर्षानुवर्षांनी परत येणार असेल तर कोरणेच विश्वासाचे. भाग फक्त गोडाऊनपासून असेंब्लीपर्यंत जाणार असेल तर बिनचे लेबल पुरते.

पैठणीसारख्या वस्त्राला गोंद लावणेच चूक. तिथे दोऱ्याने बांधलेला टॅग किंवा कापडी टेप लागते. रेशीम खरे असल्याची खूण असलेले सिल्क मार्कचे लेबल २००४ पासून आहे; साठ्याच्या बारकोडचे काम वेगळे आहे. ही दोन कामे एकाच टॅगवर आली तरी ग्राहकाने दोन्हींतला फरक ओळखायला हवा.

आता मापाचा हिशोब. ईएएन-१३ चे मूळ माप ३७.२९ × २५.९३ मिमी, ते ८० ते २०० टक्क्यांच्या मर्यादेत लहान-मोठे करता येते. सर्वांत बारीक रेघ मूळ मापात ०.३३ मिमी. आपल्याकडे बहुतांश दुकानांत आणि कारखान्यांत २०३ डीपीआयचे, म्हणजे एका इंचात २०३ ठिपके छापणारे प्रिंटर आहेत. त्यांचा एक ठिपका ०.१२५ मिमीचा. तीन ठिपक्यांची रेघ घेतली तर ०.३७५ मिमी होते आणि मोकळ्या जागेसह बारकोड सुमारे ४२ मिमी रुंद होतो. म्हणजे ५० मिमी रुंदीच्या लेबलावर तो रुंदीने बसतो, ३८ मिमीच्या लेबलावर बसत नाही. दोन ठिपक्यांची रेघ ०.२५ मिमीची, साधारण ७६ टक्के. जागेवर छापणाऱ्या थर्मल प्रिंटरला नियमांत इतकी सवलत आहे, पण चुकीला मग जागा उरत नाही. ३०० डीपीआयच्या प्रिंटरवर चार ठिपके सुमारे ०.३४ मिमी होतात, म्हणजे जवळपास मूळ माप. छोट्या लेबलांचे काम नेहमीचे असेल तर प्रिंटरमधला हा फरक पैशांपेक्षा मोठा ठरतो.

लेबल सुंदर दिसावे म्हणून बारकोडला चिकटून चौकट आखणे ही वारंवार घडणारी चूक. ईएएन-१३ ला डावीकडे बारीक रेघेच्या ११ पट आणि उजवीकडे ७ पट कोरी जागा लागते. रंगाचेही तसेच. लेझर स्कॅनरचा प्रकाश लाल असतो. पांढऱ्यावर लाल रेघा त्याला दिसतच नाहीत. केशरी पाकिटावर काळ्या रेघा चालतात, पांढऱ्यावर केशरी रेघा चालत नाहीत.

चौथा प्रश्न : घरी छापावे की छापखान्यात?

नाशिकला छपाईची मोठी परंपरा आहे. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये टपाल तिकिटे आणि पासपोर्ट छापले जातात. पण प्रश्न दैनंदिन लेबलाचा आहे.

छापखान्याच्या बाजूने म्हणणे असे : जो क्रमांक बदलत नाही तो पाकिटावरच छापावा. खर्च जवळजवळ शून्य, एकसारखी छपाई आणि कामगाराच्या हातून चुकीचे लेबल लागण्याचा धोका नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे : बॅच, तारीख, प्लॉट, ग्राहक रोज बदलतात. आगाऊ छापलेला साठा पडून राहतो आणि ग्राहकाने मागणी बदलली की रद्दीत जातो.

दोन्ही बाजू बरोबर आहेत, कारण त्या वेगवेगळ्या माहितीबद्दल बोलत आहेत. न बदलणारी माहिती छापखान्यात आणि बदलणारी माहिती कारखान्यातल्या थर्मल प्रिंटरवर, अशी विभागणी बहुतेक मध्यम उद्योगांनी स्वीकारली आहे. तिच्यासोबत एक जबाबदारी येते ती तपासणीची. मोबाइलने किंवा स्वतःच्या स्कॅनरने वाचले म्हणजे लेबल चांगले, असे नसते. रेघांच्या छपाईची प्रत ठरवणारे आयएसओ १५४१६ आणि चौकोनांसाठीचे १५४१५ हे मानक आहेत. त्यानुसार व्हेरिफायर यंत्र प्रत देते. किरकोळ विक्रीसाठी किमान १.५, म्हणजे सी श्रेणी अपेक्षित असते. हे यंत्र महाग आहे. प्रत्येक लहान कारखान्याने ते घ्यावे अशी अपेक्षा रास्त नाही. निमा किंवा आयमासारख्या नाशिकच्या उद्योजक संघटनांनी सामायिक तपासणीची सोय करावी, ही सूचना विचार करण्याजोगी आहे.

लेबलाऐवजी टॅग : आरएफआयडीचा पर्याय

रेघा आणि चौकोन दोन्ही समोर दिसावे लागतात. आरएफआयडी टॅग बंद खोक्यातूनही वाचला जातो आणि एकाच वेळी अनेक टॅग वाचता येतात. गाडीवरच्या फास्टॅगमुळे हे तंत्र आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. कापड दुकानांच्या साठ्यात ते यशस्वी झाले आहे.

नाशिकचा मुख्य माल मात्र त्याला अनुकूल नाही. पाणी रेडिओ लहरी शोषते आणि धातू त्या परतवतो. द्राक्षे आणि वाइन पाण्याची, यंत्रभाग धातूचे. धातूवर चालणारे खास टॅग मिळतात, पण ते साध्या टॅगपेक्षा बरेच महाग. साध्या टॅगला काही रुपये लागतात तिथे कागदी लेबल काही पैशांत होते. म्हणून परत येणाऱ्या वस्तूंवर, म्हणजे क्रेट, ट्रॉली, साचे आणि हत्यारांवर टॅग, आणि निघून जाणाऱ्या मालावर लेबल, असा मध्यम मार्ग इथे अधिक पटतो.

कायदा आणि खरेदीदार काय मागतात?

आवेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांनुसार बारकोड ऐच्छिक आहे. निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता ही माहिती मात्र सक्तीची. खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक लागतो; तो बारकोडचा क्रमांक नव्हे.

औषधांत कायदा पुढे गेला आहे. नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार १ ऑगस्ट २०२३ पासून बनणाऱ्या ३०० ठरावीक ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक ही माहिती असते. युरोपने फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्यावर स्वतंत्र क्रमांक मागितला आहे. निर्यात करणाऱ्या नाशिकच्या औषध कारखान्यांना दोन्ही सांभाळावे लागतात.

५ कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यावसायिक ग्राहकांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. त्या बिलावरचा क्यूआर, पैसे घेण्याचा यूपीआयचा क्यूआर आणि मालाचा क्यूआर हे तीन वेगळे आहेत. गोडाऊनमध्ये माल उतरवणाऱ्या कामगाराला कोणता चौकोन वाचायचा हे लेबलावर मराठीत लिहिलेले असेल तर पुष्कळ चुका टळतात.

न सुटलेले प्रश्न

पहिला, माहिती कोणाची? निर्यातदारांच्या मते माग काढण्याच्या नोंदींमुळेच युरोपची बाजारपेठ टिकली, आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. बागायतदारांची भावना अशी की प्लॉटपर्यंत माग पोहोचतो तो दोष शोधण्यासाठी; चांगल्या मालाचे श्रेय आणि वाढीव भाव त्याच वाटेने परत येत नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या मालकीच्या कंपनीत नोंद आणि नफा एकाच छताखाली असल्याने याचे एक उत्तर दिसते. पण बहुसंख्य बागायतदार अशा कंपन्यांबाहेर आहेत.

दुसरा, नकली मालाचा. बारकोड आणि क्यूआर दोन्हींची नक्कल साध्या प्रिंटरवर होते. प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक देऊन तो मध्यवर्ती नोंदीत एकदाच मान्य करायचा, हा उपाय औषधांत चालतो. पैठणी किंवा पाकीटबंद खाऊ यांना तो खर्च परवडेल का, यावर एकमत नाही.

तिसरा, कचऱ्याचा. प्रत्येक रोलमागे सिलिकॉन लावलेला कागद उरतो आणि तो सहज पुनर्वापरात जात नाही. तो कागदच नसलेली लेबले निघाली आहेत, पण त्यांना वेगळा प्रिंटर लागतो. युरोपच्या नव्या पॅकेजिंग नियमांनुसार फेब्रुवारी २०२८ पासून फळांवर थेट लावायची स्टिकर खत होऊ शकणारी असावी लागतील. पनेटमधल्या द्राक्षांपेक्षा मालेगाव, सटाणा, देवळ्याच्या डाळिंबांना हा नियम जास्त जवळून लागू होईल.

चौथा, येऊ घातलेल्या डिजिटल पासपोर्टचा. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून मोठ्या औद्योगिक आणि विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांना क्यूआरद्वारे वाचता येणारा पासपोर्ट लागेल. पुढे इतर उत्पादनेही त्यात येणार आहेत. नाशिकच्या विद्युत उपकरण उत्पादकांना लेबलावर आज राखलेली रिकामी जागा तेव्हा उपयोगी पडेल.

पाचवा, लहान उत्पादकाच्या खर्चाचा. जिल्हा पातळीवर बचत गटांना किंवा शेतकरी गटांना क्रमांक, तपासणी आणि प्रशिक्षण सामूहिक रीतीने मिळाले तर हा प्रश्न सुटण्याजोगा आहे. तशी स्थायी व्यवस्था अजून उभी व्हायची आहे.

आज काय ठरवता येते?

मतभेद वगळून जे उरते ते पुरेसे ठोस आहे. माल शेवटी कुठे आणि कोणत्या स्कॅनरने वाचला जाणार, तिथून मागे यावे. त्यावरून क्रमांक ठरतो, क्रमांकावरून चिन्ह, चिन्हावरून माप, आणि वाटेतल्या ओलावा, ऊन, तेल, घर्षणावरून कागद, रिबन आणि गोंद. रोलचा भाव या क्रमात शेवटी येतो. हा क्रम उलटा केला की स्वस्त रोलसाठी महागडी खेप परत येते.

मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी पुरवठादाराकडून थोडी नमुना लेबले मागून घ्यावीत. ती खऱ्या मालाला, खऱ्या कामगाराच्या हाताने लावावीत, मालाच्या खऱ्या प्रवासातून जाऊ द्यावीत आणि शेवटच्या ठिकाणी वाचून पाहावीत. तिथे वाचले गेले ते लेबल आपल्या मालासाठी योग्य. बाकी सर्व निकष त्यानंतरचे.